पूजेची हळद

भिवापूर
२४ सप्टेंबर २०२५

चि. रितिका,

आशीर्वाद तुझं उत्तर आल्यावर देईन. आधी कान उपटतो.

तुझं शेवटलं पत्र पोळ्याच्या आधीचं. त्यानंतर तुझे फोन आले, असं तुझी काकू सांगते. फोन मी धरत नाही. फोनवर माणूस बोलते आणि मंग म्हणते, मी असं बोललोच नव्हतो. कागदावर लिहिलं की त्याच्या बापालेही नाकारता येत नाही. सारी नोकरी पोस्टात काढली, एवढं एकच ज्ञान घेऊन बाहेर पडलो. तेही काकाचं कोणी ऐकत नाही.

तू मागितलेली मिरचीची पानं पाठवून राहिलो. ‘तुलना करायले निरोगी झाडाची पाहिजेत’ असं तू म्हटलं, म्हणून माझ्याच वावरातली तोडली. साऱ्या भिवापुरात याच्यापेक्षा निरोगी झाड असेल तर मले दाखव, मी मिशी काढतो. बियाण्यासाठी राखलेली झाडं आहेत ती. बाकी गाव दुकानातून हायब्रीडच्या पुड्या आणते, आपला बांधशेजारी धोंडबाही आणते. जुनं भिवापुरी बी, ज्याच्यात दुसरं काही मिसळलं नाही, ते आता माझ्या एका कोपऱ्यात उरलं. त्यातही उन्हाळ्यात उंदरानं बियाचा डबा साफ केला. पेरलं तेवढं वाचलं. म्हणजे यंदा जे काही आहे ते या झाडांवर आहे, घरात एक दाणा नाही. पानं मोजून तोडलीत, पुन्हा मागू नको.

तुझ्या बापाले विचारलं, पोरगी कशात पीएचडी करून राहिली. तो म्हणे, ‘काहीतरी चमकवते.’ धोंडबानं मले विचारलं, सायंटिस्टीनबाईंनी काय शोधलं. मी चहा मागवला. मले नीट समजावून लिही, म्हणजे पुढच्या वेळी चहाचा खर्च वाचेल.

आणि दसरा येऊन राहिला. खंडेनवमीले आपलं हत्यार पुजायचं, तू कितीही शिकली तरी. मी पोस्टातल्या तारखेच्या शिक्क्याले दर साली हळदकुंकू लावत होतो. पूजेची हळद पुसायची नसते, वापरता वापरता आपसूक जाऊ द्यायची. माझ्या शिक्क्याची दिवाळीपर्यंत पत्रांवर उमटत होती. कोणाची तक्रार आली नाही. एक आली होती, पण तो माणूसच तक्रारखोर होता.

मारोतराव

*

हुडकेश्वर, नागपूर
५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय आणि आशीर्वाद अडवून ठेवणारे काका,

पानं मिळाली. तुम्ही ती ओल्या फडक्यात, मग केळीच्या पानात, मग पेपरात, मग सुतळीत बांधली होती. सोडवायला दीपमालाला आणि मला मिळून कात्री लागली. दीपमाला म्हणजे माझी रूममेट, ती आमच्याच लॅबमध्ये आहे. ती म्हणाली, ‘तुझ्या काकांनी पानं पाठवली की दागिने?’

आता समजावते. तुम्ही पोस्टातले, म्हणून पोस्टाच्याच भाषेत.

मिरचीला पानं आकसून मुरडवणारा चुरडामुरडा होतो तो एका विषाणूमुळे. त्या विषाणूच्या अंगावर प्रोटीनचं कवच असतं. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनच्याच जातीची, पण अगदी बारकी माळ. आम्ही अशी एक माळ बनवून घेतली आहे जिला जगातला एकच पत्ता पाठ आहे: त्या कवचाचा. म्हणजे हा आमचा पोस्टमन. आणि या पोस्टमनच्या डोक्यावर आम्ही दिवा बांधला आहे. एक रंग, निळा उजेड टाकला की हिरवा चमकतो.

प्लॅस्टिकच्या पाटीत बारके बारके खळगे असतात. त्यात पानाचा रस टाकायचा, तो तळाला चिकटतो. वरून पोस्टमन सोडायचे. मग सगळं धुवायचं. ज्याला आपलं दार सापडलं तो दार धरून बसतो, बाकीचे पाण्याबरोबर गटारात. पाटी मशीनमध्ये ठेवायची. चमकली तर विषाणू आहे, नाही चमकली तर नाही. गंमत अशी की पान मुरडायच्या कितीतरी आधी हे कळेल. धोंडबाकाकांना एवढं सांगा. पुढचं विचारलं तर चहा मागवा.

आणि हो, हत्यार पुजलं. माझं हत्यार म्हणजे पिपेट, थेंब मोजून उचलायची पिचकारी समजा. लॅबमध्ये सगळ्यांनीच आपापलं काही ना काही पुजलं. आमचे गाइड श्रीधर सर भाषणात अंधश्रद्धेची सालं काढतात, पण त्या दिवशी मोठ्या मशीनला स्वतः झेंडूचा हार घालून गेले आणि म्हणाले, ‘ही संस्कृती आहे.’ मी पिपेटच्या दांड्याला हळदकुंकू लावलं आणि टोकालाही लावलं, जिथे थेंब धरणारी प्लॅस्टिकची टोपी बसवतात तिथे. काम तर टोकच करतं ना. पुसलेलं नाही, तुमची आज्ञा.

दीपमालाने मात्र स्वतःचं पिपेट आदल्या दिवशीच कपाटात कुलूपबंद केलं. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, हळदकुंकू तिच्या घरात नाही. मला म्हणाली, ‘तुझ्या पिपेटची काय ओटी भरायची ती भर, माह्याले हात लावू नको.’ आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर पाणी वाटायला गेली. परत आली तेव्हा आवाज बसलेला आणि पाय सुजलेले, तरी खुशीत होती.

या आठवड्यात तुमची पानं लावते. तुमची निरोगी पानं अंधारी राहतील, आजारी चमकतील, आणि सर मला निदान एक दिवस तरी सुखाने जेवू देतील.

तुमची,
रितिका

*

हुडकेश्वर
१२ ऑक्टोबर २०२५

काका,

हे फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. तशीही तुम्ही फोन धरत नाही, आज पहिल्यांदा त्याचं बरं वाटलं.

तुमची पानं चमकली. सगळी.

मला वाटलं माझ्याकडून आजारी पानांशी अदलाबदल झाली. पुन्हा लावली. पुन्हा चमकली. सरांना दाखवलं तर सर खुर्चीतून उठले. त्यांना असं उठताना मी फक्त संशोधनाच्या अनुदानाचा चेक आल्यावर पाहिलंय. म्हणाले, ‘दिसायला निरोगी आणि आतून आजारी, हे कोणीच दाखवलेलं नाही. रितिका, हे सोनं आहे.’ पुढच्या महिन्याच्या सेमिनारमध्ये ते हे मांडणार आहेत. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

काका, झाडं आज हिरवीगार दिसत असतील. आमच्या हिशोबाने काही दिवसांत पानं मुरडायला लागतील. तोवर पांढरी माशी त्या झाडांवर बसून हा विषाणू शेजारच्या वावरात नेईल, आधी धोंडबाकाकांच्या आणि मग पुढे. सर म्हणतात, उपटून जाळणं हा एकच उपाय आहे. मीही तेच लिहीन, कारण मला दुसरं काही माहीत नाही. त्या झाडांवर काय आहे ते मला माहीत आहे. डबा रिकामा आहे हेही माहीत आहे. तरीही लिहिते आहे.

मला खूप वाईट वाटतंय. तुमच्या उत्तराची वाट बघते.

रितिका

*

भिवापूर
१६ ऑक्टोबर २०२५

चि. रितिका,

उपटली. जाळली.

दोन वर्षांपूर्वी धोंडबाच्या वावरात चुरडामुरडा आला तेव्हा मी बांधावर उभं राहून त्याले उपटायले लावलं होतं. तेव्हा काय काय बोललो, सारं गाव सांगेल. आता माझी पाळी आली तर मागे कसा हटू. आदल्या संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगून आलो, म्हटलं तू ये अन् पाय. तो आला. बांधावर उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मले भांडता आलं असतं.

झाडं फुलावर होती. काहींना बोटाएवढ्या मिरच्या धरल्या होत्या, पण हिरव्या मिरचीचं बी उगवत नाही.

बियाचा डबा धुऊन उपडा ठेवला. काकू त्यात पोहे भरायले मागून राहिली. मी नाही म्हटलं. काहून म्हटलं ते मलेही सांगता येत नाही.

तू बरोबर केलं. कडू गोष्ट लेखी कळवली, हे तुझ्या काकाचं शिक्षण. पण दिवाळीले इकडे येऊ नको, सावनेरले आईबापाकडे जा. तुझ्यावर राग नाही. मले काही दिवस कोणाशी बोलायचं नाही, आणि तू आली तर बोलावं लागेल.

मारोतराव

*

भिवापूर
तारीख लिहीत नाही, दिवाळीच्या आधीचं समज

रितिका बाई,

तुह्या काकाले हे पत्र माहीत नाही अन् होऊही देऊ नोको. त्याच्या पोस्टात टाकलं तर शिपाईच त्याले जाऊन सांगतीन, म्हणून नत्थूजीच्या हाती पाठवून राहिली. थो नागपूरले दवाखान्यात चालला आहे. तुह्या खोलीवर देऊन येईन म्हणाला.

माह्याकडून एक गोष्ट झाली वं. काका धोंडबाच्या घरी सांगायले गेले तवा मी खुरपं घेऊन वावरात गेली अन् नऊ झाडं मुळासगट मातीच्या गोळ्यासंगं काढून आणली. न्हाणीच्या मागं तेलाच्या पिप्यांत लावली. तिकडं काका कधी जात नाहीत, तिथं माह्या शेणाच्या गवऱ्या राहते. पयले दोन दिवस माना टाकल्या, आता उभी झाली. लुगडं झाकत होती माशी बसू नये म्हणून. मंग एक दिवस सकाळी पाह्यलं तर आपली जुनी मच्छरदाणी त्याच्यावर. वाऱ्यानं दोरीवरून उडून आली असंन. म्हटलं चांगलंच झालं, राहू दे.

आता मले भेव वाटते. तू शिकलेली, तू म्हणाली आजारी तर आजारी असतीन. मी काही आडाणी हट्ट करून नाही राहिली. माह्यापायी धोंडबाचं वावर बसलं तर मी काय तोंड दाखवू त्याच्या बायकोले. पण काका जेवत नाहीत वं. ताटावर बसतात अन् भात चिवडत राहतात. माणूस मेल्यावानी घर झालं.

नऊ झाडांचं एकएक पान संगं पाठवलं. नीट पाय एकदा. आजारी निघाली तर मले एवढंच कळव, मी सोता चुलीत घालीन अन् कोनाले सांगनार नाही.

तुही काकू
कौसल्या

*

हुडकेश्वर
२९ ऑक्टोबर २०२५

काका,

हे पत्र बसून वाचा. वाचून झाल्यावर काय करायचं ते करा, फक्त काकूवर ओरडू नका, तिचा काही संबंध नाही.

मी दिवाळीला सावनेरला होते. तेवढ्यात खोलीवर मिरचीची काही पानं आली, कुठून ते महत्त्वाचं नाही. पानं सुकतील म्हणून दीपमालाने ती माझ्याऐवजी लॅबमध्ये लावली. तिने फोन केला, ‘तुझी पानं अंधारी आहेत. एकही चमकत नाही.’ मी म्हटलं, शक्य नाही. मी भाऊबीज अर्धी टाकून नागपूरला आले. माझा भाऊ अजून ओवाळणीचं ताट धरून उभा असेल.

तीच पानं मी लावली. चमकली. तिने लावली, अंधारी. एकच पान, एकच पाटी, शेजारचे खळगे, तिचे काळे आणि माझे हिरवे. मग मी पानाऐवजी साधं पाणी टाकलं. काका, पाण्याला चुरडामुरडा झालेला होता. मग खिडकीतल्या कोरफडीला झाला. मग सरांच्या ग्रीन टीला. सरांची थुंकी टाकली असती तर सर स्वतःही पॉझिटिव्ह निघाले असते.

आमच्याकडे उजेड बंद करून निळा दिवा लावायची एक खोली आहे. दीपमालाने तिथे माझं पिपेट नेलं आणि दिवा लावला. टोक हिरवंगार पेटलं. दांड्यावर माझं हळदीचं बोटसुद्धा दिसत होतं, ठशासकट.

हळद चमकते, काका. निळ्या उजेडात ती आमच्या महागड्या रंगासारखीच हिरवी चमकते. आणि प्लॅस्टिकला चिकटली की नुसत्या पाण्याने जात नाही, हे काकूच्या प्रत्येक डब्याला माहीत आहे. मी रोज टोपी बसवत होते, प्रत्येक टोपीला थोडी हळद लागत होती आणि प्रत्येक थेंबाबरोबर खळग्यात जात होती. पोस्टमन प्रामाणिक होता. त्याचे दिवे केव्हाच गटारात वाहून गेले होते. मी बघत होते ती दसऱ्याची हळद.

आता माझी चूक सांगते, कारण ती हळदीची नाही. प्रत्येक पाटीत काही खळगे नुसत्या पाण्याचे ठेवायचे असतात, त्यांच्याशी बाकीचे ताडायचे. मी दसऱ्याच्या आधीच्या पाटीतले पाण्याचे आकडे पुढे वापरत राहिले, पाट्या वाचाव्यात म्हणून. सरांनीही चालवून घेतलं. एक खळगा पाण्याचा लावला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. तुमच्या वावरासाठी मी एक थेंब पाणी खर्च केलं नाही.

तुमची झाडं निरोगी होती. तुम्ही म्हणत होता तशी, साऱ्या भिवापुरात सगळ्यात निरोगी. आणि मी ती तुम्हाला जाळायला लावली.

सरांना सांगितलं. आधी ते शेंदरी झाले, मग पांढरे. मग म्हणाले, ‘हे कोणाकोणाला माहीत आहे?’ दीपमाला म्हणाली, ‘मले, हिले आणि आता तुमाले. उद्या सगळ्यांले.’ सेमिनारमधून त्यांनी नाव काढून घेतलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारत होते, बाजारातल्या हळदीतली भेसळ अशी पकडता येईल का. त्यांना मी हसले नाही. मला कोणावर हसायची सोय राहिलेली नाही.

माफ करा असं लिहिलं आणि खोडलं. दुसरा शब्द सापडेना, म्हणून परत लिहिते. माफ करा.

आणि काकूला एक निरोप द्या. तिने तपासण्या पाठवल्या होत्या, त्या नऊच्या नऊ चांगल्या आल्या. तिला काहीही झालेलं नाही. तिला कळेल.

रितिका

*

हुडकेश्वर
७ डिसेंबर २०२५

काका,

सव्वा महिना झाला. एकदा काकूच्या फोनवर लावला. ती ‘बरं आहे, बरं आहे’ म्हणाली आणि मागे तुमचा खोकला ऐकू आला. तो खोकला मी ओळखते. तो खोकला म्हणजे ‘ठेव फोन’.

मला शिव्या द्या. लेखी द्या, म्हणजे नाकारता येणार नाहीत. तुम्ही धोंडबाकाकांना दोन वर्षांपूर्वी जे बोललात त्यातलं निम्मं दिलंत तरी मला चालेल. हे गप्प राहणं मला जमत नाही.

सांगण्यासारखं एवढंच की पिपेट उकलून, साबणाने, मग स्पिरिटने धुतलं. प्रत्येक पाटीत पाण्याचे खळगे लावते, गरजेपेक्षा जास्तच लावते. आता पाणी अंधारं राहतं. मुरडलेली पानं चमकतात. कुठूनतरी आलेली ती नऊ पानं अजून फ्रीजमध्ये होती, ती पुन्हा लावली, अंधारी राहिली. पोस्टमन नीट काम करतोय. मला त्याचा आनंद होतो आणि लगेच तुमचा उपडा डबा आठवतो.

दीपमाला विचारते, काकांचं काही आलं का. मी रोज नाही म्हणते.

रितिका

*

भिवापूर
२० जानेवारी २०२६

चि. रितिका,

उत्तराले उशीर झाला. पहिले तर तोंडात शिव्याच येत होत्या, तेव्हा लिहिलं असतं तर ते पत्र पोस्टाच्या नियमात बसलं नसतं. मंग काय लिहावं सुचत नव्हतं. आणि मंग म्हटलं, आता मिरच्या लाल होईपर्यंत थांबतोच.

क्रमानं घेतो.

एक. मी रागावलो होतो. लय रागावलो होतो. तुझं पत्र वाचून वावरात गेलो, तिथं राख होती, तिच्यावर गवत उगवलं होतं. तिथं उभं राहून तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मंग ध्यानात आलं, त्या माझ्याच पिढ्या आहेत. हे नोंदवून ठेव. राग झाला तो झाला.

दोन. तुझा पोस्टमन दर दारावर पत्र टाकून राहिला होता, जिथं घर नाही तिथंही. माझ्या हाताखाली असता तर मी पहिल्याच दिवशी त्याची झोळी तपासली असती. पण तेव्हा मीही नाही तपासली. तू चमकलं म्हटलं आणि मी काडी ओढली. माझ्या डोळ्यासमोर झाडं हिरवीगार उभी होती. मी डोळ्यापेक्षा कागद मानला. सारी जिंदगी लोकायले तेच शिकवत होतो.

तीन. आता कागदाचंच निघालं तर. तुझं पत्र वाचून मी काकूले म्हटलं, हळद पुसू नये एवढी अक्कल पोरीले कोणी शिकवली. ती म्हणे, तुमीच. मी म्हटलं, मी असं बोललोच नव्हतो. तूच बोलली असशील तिले, असंही म्हटलं. मंग माझं पत्र आठवलं. तुझ्याकडं असेल ते, चोवीस सप्टेंबरचं. माझ्या अक्षरात, माझ्या सहीचं. माझ्या बापालेही नाकारता येत नाही. तर माफी मागायची असेल तर निम्मी मागत जा, निम्मी माझ्याकडं लागून आहे.

चार. काकूच्या नऊ तपासण्या. पोरी, मी पोस्टात होतो, मले गुप्त निरोप शिकवून राहिली काय. त्या बाईनं जिंदगीत रक्त तपासलं नाही. नऊ झाडं गेली ते मले उपटायच्या सकाळीच कळलं होतं. मी मोजून लावलेली झाडं, नऊ खड्डे रिकामे, खड्ड्यात तिचं पाऊल. धोंडबा बांधावर उभा होता म्हणून खड्ड्यावर पायानं माती सारली आणि पुढं गेलो. त्याच्या तोंडावर म्हटलं, सारी उपटली. मंग सात-आठ दिवस जेवण गेलं नाही. झाडं गेली म्हणून, तसं याच्यासाठीही की मी शेजाऱ्याच्या वावरात आग ठेवून राहिलो होतो आणि बायकोचं नाव पुढं करता येत नव्हतं, आणि झाडं काढून टाकायची छातीही होत नव्हती. म्हणून मच्छरदाणी. तुझ्या काकूले आजही पटते की वाऱ्यानं ती उडवून आणली आणि चारी कोपऱ्याच्या दोऱ्या गाठी मारून पिप्यांना बांधल्या. मी काही म्हटलं नाही. तूही म्हणू नको.

पाच. धोंडबाले मी सारं सांगितलं, खोटं बोललो तेही. तो बांधावर बसून एवढा हसला की त्याले ठसका लागला आणि मले त्याले पाणी द्यावं लागलं. आता गावात मी दिसलो की पोट्टे विचारतात, काका, हळद कशी किलो. विचारू दे. परवा धोंडबा घरी आला आणि म्हणे, पुढच्या साली मले थोडं रोप देशील काय त्या नऊचं. मी चहा मागवला. या वेळी उत्तर होतं, तरी मागवला.

सहा. मिरच्या लाल झाल्या. नऊ झाडांच्या, पिप्यातल्या, म्हणून बारक्या राहिल्या, पण रंग आणि वास तोच. काकूनं अंगणात वाळवल्या, मी माझ्या हातानं बी काढलं. रात्रभर डोळे चुरचुरले. डबा सरळ करून त्यात अर्धं भरलं. अर्धं या पाकिटात आहे. तुझ्याकडं ठेव, कोरड्या जागी, उंदरापासून दूर आणि त्या तुझ्या सरापासूनही दूर. सारं एका घरात ठेवलं ही माझी चूक होती. माझ्यानंतर कोणाकडं द्यावं याचा विचार आधी करत होतो आणि कोणी सुचत नव्हतं. आता सुचलं. तुझ्याकडून झाडं जळाली, म्हणूनच तुले देऊन राहिलो. तू आता पाण्याचे खळगे विसरणार नाही.

दीपमाला बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्यासाठी वाळल्या मिरच्या वेगळ्या बांधल्या आहेत, सुतळी कमी लावली आहे. उन्हाळ्यात दोघी इकडं या. येताना ते पिपेट घेऊन ये, मले पाहायचं आहे. पुढच्या खंडेनवमीले त्याले झेंडू वाहा, हात जोड, पेढा दाखव. बस.

आशीर्वाद सप्टेंबरपासून बाकी होते. ते पण याच पाकिटात आहेत.

पाकीट बंद करताना काकू कोपऱ्यांना हळद लावायले निघाली होती, शुभ कामाचं आहे म्हणे. मी तिचा हात धरला. तिनं ती बोटं माझ्या कपाळाले पुसली आणि आत गेली. मी अजून धुतलं नाही. निळा दिवा घेऊन आली तर काका लांबूनच दिसेल तुले.

मारोतराव